इलेक्ट्रिक गाडी बघायला जाण्याआधी घरातला प्लग बघा (साताऱ्यातून, नवख्यांसाठी)

आमच्याकडे छोटी इलेक्ट्रिक गाडी येऊन दीड वर्ष झालं. मी शाहूपुरीत राहते, कोरेगावला कॉलेजात शिकवते, रोजचं जाऊन-येऊन चाळीस-बेचाळीस किलोमीटर होतं. पाडव्याला गाडी दारात आली, पेढे वाटले, शेजारच्या काकूंनी ओवाळलं, आणि रात्री चार्जर लावला तर लाल दिवा. दुसऱ्या दिवशी पण लाल दिवा. पुढचे नऊ दिवस मी नवी कोरी गाडी घेऊन हायवेवरच्या एका हॉटेलात जायचे आणि तासतासभर चहा पीत चार्जिंग करायचे. बिघाड गाडीत नव्हता, चार्जरमध्ये पण नव्हता, आमच्या घराच्या अर्थिंगमध्ये होता. आम्ही शोरूममध्ये रंग बघितला, टचस्क्रीन बघितला, डिकीत किती पिशव्या बसतात ते बघितलं, घरातला प्लग काही कुणी बघितला नाही.

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढचं सगळं कुठल्याही छोट्या ईव्हीला लागू आहे.

१. आधी वायरमन, मग शोरूम

छोट्या गाडीसोबत जो पोर्टेबल चार्जर येतो तो साध्या जाड पिनच्या, १५-१६ अँपिअरच्या प्लगवर चालतो, म्हणजे गीझरला असतो तसा. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की प्लग तर आहेच की घरात. पण गीझर अर्धा तास चालतो आणि गाडी सलग आठ-नऊ तास तीन किलोवॅटच्या आसपास ओढत राहते, तिथेच फरक पडतो. वायरमनला बोलवून या गोष्टी बघून घ्या:

- अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का
- मेन बोर्डापासून गाडीपर्यंत वेगळी लाइन, किमान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर
- त्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच)
- चांगल्या कंपनीचा नवीन १६ अँपिअरचा सॉकेट, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी

आमच्या वायरमनने १०० वॅटचा बल्ब होल्डरला लावून त्याची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला धरली. बल्ब झगझगीत लागायला पाहिजे, आमचा नुसता लालसर तार दिसेल इतकाच लागला. (हा प्रयोग स्वतः करायला जाऊ नका, वायरमनलाच करू द्या.) तो म्हणाला, "मॅडम, ही अर्थिंग न्हाय, नुसती हिरवी वायर हाय." मग त्या हिरव्या वायरचा माग काढत काढत आम्ही मोरीच्या मागे गेलो. घर बांधलं तेव्हा कुणीतरी ती वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली आणि सहा वर्षांपूर्वी आम्ही सगळी पाइपलाइन प्लास्टिकची करून घेतली. वायर तिथेच भिंतीतून बाहेर येऊन लोंबकळत होती! म्हणजे सहा वर्षं आमचं वॉशिंग मशीन, फ्रिज, गीझर सगळं अर्थिंगशिवाय चाललं आणि कुणाला पत्ता नाही. गाडीच्या चार्जरला पहिल्या मिनिटात कळलं, कारण अर्थिंग नीट नसेल तर तो चार्जिंग सुरूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

नवीन अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला, दीड फुटाखाली नुसता खडक, कुदळ टणटण वाजायला लागली. शेवटी ब्रेकर आणून खाली गेलो, कोळसा-मीठ घातलं, सगळं मिळून साडेसहा हजार गेले. आणि वर परत मे महिन्यात एका रात्री लाल दिवा. वायरमनला फोन केला तर म्हणाला दोन बादल्या पाणी ओता अर्थिंगच्या खड्ड्यात. ओतलं, अर्ध्या तासात हिरवा दिवा. आपल्याकडचा खडक-मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग धरत नाही. आता आमचे सासरे रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना एक तांब्या अर्थिंगला पण घालतात.

सापळा: काही जण लाल दिवा आला की अर्थिंगला बायपास करणारा जुगाड करून देतात, न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात. असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यालाच करंट येतो.

दुसरा सापळा एक्स्टेंशन बोर्डचा. आमच्या जाऊबाईंकडे एकदा रात्री मुक्कामाला होतो, गाडी लांब लागलेली, म्हणून त्यांच्या घरातल्या बोर्डावरून लावली. रात्री दोनला प्लास्टिक जळल्याचा वास. उठून बघितलं तर बोर्डाची एक पिन तपकिरी होऊन खाली बसलेली आणि पिनला हात लावला तर चटका. बोर्ड गेला, आमचं नशीब की घर राहिलं.

२. वीजबिल हातात घ्या आणि दोन आकडे शोधा

पहिला आकडा मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅटच असतो. गाडी एकटी तीन ओढणार, त्यात गीझर आणि पाण्याची मोटर, मग मेन स्विच पडणारच. महावितरणच्या वेबसाइटवरून किंवा ॲपवरून भारवाढीचा अर्ज करता येतो, गाडी बुक करायच्या आधीच करा.

दुसरा आकडा तुमचे महिन्याचे युनिट. इथे लोक हमखास चुकतात. बिलाला युनिटने भागून सरासरी दर काढतात आणि म्हणतात मला वीज एवढ्याला पडते. पण महावितरणचे घरगुती टप्पे आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यावर. पुढच्या टप्प्यातल्या युनिटला पुढचा दर लागतो. गाडीचे युनिट तुमच्या घरच्या युनिटांच्या डोक्यावर जाऊन बसतात, म्हणजे गाडीला नेहमी तुमचा वरचा दर लागतो, सरासरी नाही.

आमचं घर महिना १३० युनिटच्या आसपास. गाडी महिन्याला हजार किलोमीटर पळते, त्याला मीटरवर साधारण १५० युनिट पडतात (बॅटरीत त्यापेक्षा कमी जातात, दहा-पंधरा टक्के चार्जिंग करतानाच उडतात, चार्जर गरम होतो तो त्याचाच). एकूण २८०, म्हणजे ३०० च्या आत कसेबसे. बिल दोन-सव्वादोन हजारांनी वाढलं. आधीच्या पेट्रोल गाडीला याच अंतराला सहा हजार जायचे. पण तुमच्याकडे एसी असेल आणि आधीच अडीचशे युनिट होत असतील तर शंभर युनिट सरळ पुढच्या टप्प्यात जातील, हा हिशोब कागदावर मांडून मगच ठरवा.

छतावर सोलर असेल तर चित्रच बदलतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आम्ही गाडीनंतर वर्षाने बसवलं, आधी बसवायला हवं होतं.

सापळा: गावाकडे शेतीपंपाच्या लाइनवर गाडी लावायचा मोह होतो, लय जण करतात पण. शेतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणं हा अनधिकृत वापर धरला जातो आणि त्याचं बिल जबर बसतं.

फ्लॅटवाल्यांसाठी: स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत लाइन ओढायची असते, त्यासाठी सोसायटीचं लेखी पत्र आधी घ्या. तोंडी "हो हो लावा की" चालत नाही, गाडी आल्यावर चेअरमनचं मत बदलतं.

३. बॅटरीचा आकार ठरवा, बाकी सगळं नंतर

बॅटरी किलोवॅट-अवरमध्ये सांगतात, ते म्हणजे आपले बिलातले युनिटच. छोट्या गाड्यांत एमजी कॉमेट १७.३, टियागो ईव्ही १९.२ किंवा २४, पंच ईव्ही सुरुवातीला आली तेव्हा २५ किंवा ३५ अशा होत्या. कंपनी जी रेंज (एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल ते) सांगते तिच्या साठ-पासष्ट टक्के धरा. ३१५ सांगितलेल्या गाडीचे २०० मिळाले तर खूश राहा.

आपला रोजचा प्रवास शंभरच्या आत असेल तर कुठलीही चालते. पण महिन्यातून दोनदा पुण्याला जाणार असाल तर नीट विचार करा. सातारा-पुणे ११० किलोमीटर, जाऊन-येऊन २२०, छोट्या बॅटरीला मध्ये चार्जिंग घ्यावंच लागतं. आणि सगळ्या छोट्या गाड्यांना डीसी फास्ट चार्जिंग (हायवेवरच्या मोठ्या चार्जरवरचं झटपट चार्जिंग) नसतं, कॉमेटला नाही. ती गाडी गावात फिरायला मस्त आहे, राजवाड्याजवळ पार्किंगला ती जिथे घुसते तिथे माझी जात नाही, पण ती घेऊन पुण्याचं नियोजन करू नका.

खरं सांगायचं तर तुमचं महिन्याचं फिरणं पाचशे किलोमीटरच्या खाली असेल तर ईव्हीचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. आवडली म्हणून घ्या, पैसे वाचतील म्हणून नको.

४. कोटेशन वाचा, प्रत्येक ओळ

आपल्या राज्यात अशा छोट्या इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स माफ आहे. जीएसटी ५ टक्के आहे आणि तो किमतीत धरलेला असतो. म्हणून कोटेशनमध्ये "आरटीओ" या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर तिची फोड मागा. थर्ड पार्टी विम्यावर ईव्हीला १५ टक्के सूट आहे ती लावली का बघा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते.

मला सेल्समनने अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं की कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, कलम ८०ईईबी. घरी येऊन सीए भावाला विचारलं तर तो हसायला लागला. ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. सबसिडीचंही तसंच, कोटेशनवर लिहून आली तरच ती सबसिडी, नाहीतर गप्पा.

लागणारे कागद: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो. कर्ज असेल तर पगाराच्या तीन स्लिपा किंवा आयटी रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. शिवाय अलीकडचं वीजबिल, चार्जर बसवणारे ते मागतात. वॉल चार्जर (भिंतीवर कायमचा बसवायचा) फुकट बसवून देतो म्हणाले तर किती मीटर वायर फुकट आहे ते विचारा, त्यापुढचे मीटर महाग पडतात.

५. ताबा घेताना

गाडी चारी बाजूंनी बघा ते सगळे सांगतातच. ईव्हीचं जास्तीचं म्हणजे पोर्टेबल चार्जर डिकीत आहे का, त्याचा सिरियल नंबर वॉरंटी कार्डावर आहे का, बॅटरीची वॉरंटी (बहुतेक ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर) कागदावर आली का. आणि त्यांच्यासमोर एकदा चार्जिंग लावून दाखवायला सांगा. त्या दिवशी माझ्या गाडीचं तिथे व्यवस्थित झालं होतं, म्हणूनच नंतर कळलं की भानगड आमच्या घरात आहे.

स्टेपनी आहे का तेही बघा, काही मॉडेलला नुसतं पंक्चर किट असतं. नंबर प्लेट हिरवी येते, पीयूसी लागत नाही. पोलिसाने मागितलीच तर प्लेटकडे बोट दाखवायचं, माझ्यावर एकदाच वेळ आली, पोवई नाक्यावर, तो पण हसला. फास्टॅग मात्र लागतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर राज्याने ईव्हीला टोल माफ केलाय, ते ऐकून आपल्या आनेवाडी-तासवड्याच्या टोलनाक्यावर वाद घालू नका, तो राष्ट्रीय महामार्ग आहे.

६. पहिला घाट, पहिली घाबरगुंडी

महिनाभर गावात चालवा, मग घाट. आमचा पहिला घाट मेढ्यावरून केळघरमार्गे महाबळेश्वर, गाडीत चौघं. साताऱ्यातून निघताना ९६ टक्के. मेढ्यापर्यंत सगळे खूश. केळघर घाट लागला आणि टक्के असे पडायला लागले की नवऱ्याने एसी बंद केला, मग रेडिओ बंद केला (रेडिओ काय खातो, पण घाबरलेला माणूस काहीही बंद करतो). वर पोचलो तेव्हा ५३. म्हणजे ५८ किलोमीटरला ४३ टक्के! सासूबाई म्हणाल्या, आता परत कसं जायचं, मुक्काम करूया का. परत येताना तेवढ्याच अंतराला गेले २३ टक्के, घरी आलो तेव्हा ३० शिल्लक.

याचा हिशोब सोपा आहे. सातारा आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत सहाशे मीटरच्या वर फरक आहे. माणसं धरून चौदाशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला नेहमीच्या वापरावर साधारण तीन युनिट जास्तीचे लागतात, आणि उतरताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालून त्यातला निम्मा-शिम्मा भाग परत बॅटरीत टाकते, त्याला रीजन म्हणतात. म्हणून घाटात स्क्रीनवरची रेंज बघूच नका, टक्के बघा आणि जायच्या-यायच्या अंतराची बेरीज करा. कासला यवतेश्वरवरून जाताना पण हेच होतं, फक्त थोडक्यात आटपतं. पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटरस्त्याने आलात तर चढ आपल्या वाट्याला येतो, जाताना बोगदा, म्हणून पुण्याहून निघताना थोडं जास्त ठेवा.

सापळा, आणि हा मला कुणीच सांगितला नव्हता: घाटमाथ्यावर रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के करून खाली उतरू नका. पाचगणीला नातेवाइकांकडे मी तेच केलं. सकाळी पसरणी घाटात पाय उचलला तर गाडी नेहमीसारखी ओढून धरेना, नुसती घरंगळायला लागली. बॅटरी भरलेली असली की परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून रीजन काम करत नाही. पेट्रोल गाडीत आपण दुसरा गिअर टाकतो, इथे गिअरच नाहीत. वाईपर्यंत ब्रेकवर पाय, खाली पोचेस्तोवर ब्रेकचा वास. वर मुक्काम असेल तर ८५-९० ला चार्जिंग बंद करायचं.

७. बाहेरचं चार्जिंग

फोनमध्ये दोन-तीन ॲप ठेवा (टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्ज झोन वगैरे), प्रत्येकात दोन-तीनशे रुपये वॉलेटला टाकून ठेवा, आणि हे घरी वायफायवर करा. ओटीपीची वाट बघत चार्जरसमोर उन्हात उभं राहणं नको. दर साधारण १८ ते २५ रुपये युनिट, म्हणजे घरापेक्षा बराच महाग.

ॲपवर चार्जर "उपलब्ध" दिसतो म्हणजे तो चालू असतोच असं नाही. कराडच्या पुढे एकदा मी १४ टक्क्यांवर पोचले, ॲपवर हिरवा, तिथे वॉचमन म्हणाला ताई चार दिवस झाले बंद हाय. तेव्हापासून नियम केला, २५ टक्के असतानाच चार्जरला पोचायचं, म्हणजे पुढचा गाठता येतो. निघायच्या आधी त्या हॉटेलला किंवा पंपाला फोन करून विचारायचं, तिथला माणूस ॲपपेक्षा खरं सांगतो.

१२० किलोवॅटचा मोठा चार्जर बघून हुरळू नका, छोटी गाडी ओढून ओढून वीस-पंचवीसच ओढते. ८० टक्क्यांनंतर वेग पडतो, तेव्हा काढा आणि दुसऱ्याला जागा द्या.

८. बारीकसारीक, पण रस्त्यात अडवणारं

मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडीत नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी पण असते आणि ती उतरली की गाडी उघडतसुद्धा नाही. दिवाळीत आम्ही ट्रेनने माहेरी सांगलीला गेलो, डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी उभी असतानाही चालू, तसाच राहिला. बारा दिवसांनी आलो तर रिमोट दाबतेय, गाडी ढिम्म. रिमोटमध्ये लोखंडी चावी लपलेली असते, ती काढून दार उघडलं, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावला. तुमच्या रिमोटमधली चावी कशी निघते ते आजच बघून ठेवा.

बऱ्याच छोट्या गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते, तिला अधूनमधून घरच्या हळू चार्जिंगवर पूर्ण १०० करावं लागतं, नाहीतर स्क्रीनवरचे टक्के चुकायला लागतात. किती दिवसांनी ते गाडीच्या पुस्तकात असतं. आठवड्यातून ज्या दिवशी तुमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते त्याच्या आदल्या रात्री लावायला विसरू नका. बॉनेटखाली उंदीर जातात, त्याला मी तरी उपाय काढू शकले नाही, मांजर पाळलंय.

आणि गाडी कुठे बंद पडलीच तर दोरी बांधून ओढू देऊ नका. रस्त्यावरची माणसं मदतीला धावतात, ट्रॅक्टरवाला दोर काढून तयारच असतो, पण चाकं फिरली की मोटर फिरते आणि नुकसान होऊ शकतं. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. कंपनीचा मदतीचा नंबर मोबाइलमध्ये आणि एका कागदावर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, कारण ठोसेघरच्या बाजूला मोबाइलची रेंज पण जाते.